डिस्क १००% दाखवतंय? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

"अरे डिस्क १०० टक्के भरलीये म्हणून दाखवतंय, मी बारशाचे सगळे फोटो उडवले तरी आकडा तसाच!" आत्याचा हा फोन आला तेव्हा मी डोक्याला हात लावला, पण खरं सांगायचं तर चूक तिची नाहीये. टास्क मॅनेजरमधे (मशीनवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडायची कशी ते खाली आहे) डिस्कखाली जो टक्का दिसतो तो डिस्क किती भरली याचा नसतोच, डिस्क किती वेळ कामात अडकलेली आहे याचा असतो. ५०० जीबीच्या डिस्कवर ४०० जीबी मोकळी असली तरी तिथे १०० दिसू शकतं. म्हणून पहिली गोष्ट, घाबरून काहीही डिलीट करू नका. दुसरी गोष्ट, कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने मशीन चालू करायच्या आधीच "फॉरमॅट मारावा लागेल" म्हटलं तर मशीन परत घरी आणा, कारण कशामुळे स्लो झालंय ते न बघता फॉरमॅट मारला तर थोड्या दिवसांनी परत तेच रडगाणं, आणि फोटो गेले ते गेलेच.

खाली जे लिहितोय ते विंडोज १० किंवा ११ असलेल्या घरच्या मशीनसाठी आहे, खास करून ज्यात जुनी फिरणारी हार्ड डिस्क आहे. एसएसडी (न फिरणारी, चिपवाली नवी डिस्क) असेल तरी बऱ्याच गोष्टी लागू पडतात पण मूळ दुखणं हार्ड डिस्कवाल्यांचं.

डिस्क दमते कशी

रेशनचं दुकान डोळ्यासमोर आणा. दुकानात एकच माणूस, तोच पावती फाडतो, तोच आत गोदामात जाऊन पोतं घेऊन येतो. एकाच माणसाला २० किलो तांदूळ हवे असतील तर काम पटकन होतं, एकदा आत गेला, पोतं आणलं, संपलं. पण रांगेत ५० जण आहेत आणि प्रत्येकाला पाव किलोच पाहिजे पण वेगवेगळं, एकाला साखर, एकाला गहू, एकाला डाळ, मग तो माणूस दिवसभर नुसता आतबाहेर पळत राहतो आणि माल मात्र फारसा जात नाही. हार्ड डिस्कचं सेम हेच आहे. लॅपटॉपची डिस्क बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे मारते, म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदाचा, वर ती वाचणारी सुई एका जागेवरून दुसरीकडे सरकवायला लागणारा वेळ वेगळा. हिशोब केला तर सेकंदाला साधारण ६० ते १०० तुकडेच ती इकडून तिकडून उचलू शकते. एकेक तुकडा ४ केबीचा धरा, सगळे मिळून अर्धा एमबी पण होत नाही! म्हणून तुम्हाला डिस्क १०० टक्के आणि स्पीड मात्र ०.४ एमबी असलं विचित्र चित्र दिसतं. एसएसडीत काही फिरतच नाही, ती असले हजारो तुकडे सेकंदात देते.

म्हणजे आपल्याला शोधायचं काय, तर रांगेत कोण कोण उभं आहे. आणि दुकानदारच आजारी आहे का.

रीस्टार्ट, शटडाउन नाही

हसू नका, पण हे आधी करा. विंडोज १० आणि ११ मधे फास्ट स्टार्टअप नावाची सोय बहुतेक मशीनवर आधीपासून चालू असते, त्यामुळे तुम्ही शटडाउन केलं तरी विंडोजचा आतला भाग डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो. म्हणजे रोज रात्री इमानदारीत बंद केलेलं मशीन आतून महिनाभर चालूच असतं. टास्क मॅनेजरमधे परफॉर्मन्सला जाऊन सीपीयूवर क्लिक केलं की अप टाइम दिसतो, आत्याकडे तो ३१ दिवस होता आणि ती मला शपथेवर सांगत होती की ती रोज बंद करते. रीस्टार्ट केलं की सगळं खरोखर नव्याने सुरू होतं.

रीस्टार्टनंतर पहिली दहा पंधरा मिनिटं डिस्कचा आकडा वर जाणारच, ते धरू नका. त्यानंतर काही न उघडता पण आकडा वरच असेल तर पुढे वाचा.

बघायचं कुठे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० वर छोटीशी खिडकी आली तर खाली मोअर डिटेल्स दाबा. आता डिस्क लिहिलेल्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करा म्हणजे सगळ्यात जास्त डिस्क खाणारे वर येतील. लगेच निष्कर्ष काढू नका, दोन मिनिटं नुसतं बघत बसा आणि वरची तीन चार नावं कागदावर लिहा (मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढला तरी चालेल, मी सगळ्यांना तेच सांगतो).

मग परफॉर्मन्सच्या टॅबमधे जाऊन डावीकडे डिस्क निवडा. इथे तीन आकडे कामाचे. अॅक्टिव्ह टाइम म्हणजे तोच टक्का. अॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम म्हणजे रांगेतल्या माणसाला किती वेळ थांबावं लागतंय. आणि रीड राइट स्पीड म्हणजे प्रत्यक्ष माल किती गेला. टक्का १०० आणि स्पीड ८०-९० एमबी असेल तर कुणीतरी मोठी फाइल कॉपी करतंय, काळजी नाही, संपेल. टक्का १००, स्पीड एक एमबीच्या आत आणि रिस्पॉन्स टाइम ४०-५० मिलिसेकंदाच्या आसपास असेल तर बारक्या कामांची गर्दी आहे. पण रिस्पॉन्स टाइम सारखा हजार, दोन हजार, पाच हजार मिलिसेकंदावर उड्या मारत असेल आणि स्पीड जवळजवळ शून्य, तर डिस्कच गचके खातीये असं समजा आणि पुढची पायरी अजिबात चुकवू नका.

तुमच्याकडे हार्ड डिस्क आहे की एसएसडी हे पण इथेच कळतं, नव्या विंडोजवर डावीकडे डिस्कच्या नावाखाली तसं लिहिलेलं असतं.

डिस्कची तब्येत

लोकांनी सांगितलेले उपाय बघितले तर हे शेवटी असतं, मी मुद्दाम सुरुवातीला घेतोय. मरायला टेकलेल्या डिस्कवर तुम्ही क्लीनअप, स्कॅन, डीफ्रॅग (विखुरलेल्या फाइलींचे तुकडे एकत्र लावणं) असलं काही चालवत बसलात तर तिला शेवटचा धक्का तुम्हीच द्याल.

म्हणून आधी बॅकअप. फोटो, मुलांची सर्टिफिकेटं, टॅलीचा डेटा असेल तर तो, बँकेचे कागद, जे परत मिळणार नाही ते सगळं पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर टाका. स्लो आहे म्हणून तीन तास लागले तर लागू देत.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकटातलं सॉफ्टवेअर घ्या, त्याच्याच साइटवरून घ्या, सर्चमधे वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. उघडलं की डाव्या कोपऱ्यात निळं गुड, पिवळं कॉशन नाहीतर लाल बॅड असं दिसतं. खालच्या लांबलचक यादीतल्या तीनच ओळी बघा: ०५ म्हणजे खराब निघालेल्या जागा ज्या डिस्कने बदलून टाकल्या, सी५ म्हणजे ज्या जागा वाचताना अडचण येतीये पण अजून निकाल लागलेला नाही, आणि सी६ म्हणजे ज्या वाचताच आल्या नाहीत. तिन्हीपुढे उजवीकडे नुसते शून्य असतील तर उत्तम. सी५ मधे आकडा असेल तर डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करत बसते, आणि तेवढा वेळ बाकी सगळे रांगेत ताटकळतात, हजारातला रिस्पॉन्स टाइम बऱ्याचदा इथून येतो. (ते आकडे हेक्सामधे, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजलेले असतात, म्हणजे १० दिसलं तर ते १६ असतं, पण आपल्याला शून्य आहे की नाही एवढंच बघायचंय.)

डेस्कटॉप असेल आणि त्याच यादीतला सी७ चा आकडा (केबलमधून डेटा जाताना झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्क नाही, बहुतेक केबल. मशीन बंद करा, प्लग काढा, साटाची केबल (डिस्क मदरबोर्डला जोडणारी) दोन्ही बाजूंनी काढून नीट बसवा नाहीतर बदला, किरकोळ किमतीत मिळते. माझ्या ओळखीत एकाने यावर नवीन मशीन घ्यायची तयारी केली होती.

आणि आपल्याकडे लाइट जाते. चालू डिस्कचा करंट असा अचानक तुटणं तिला अजिबात मानवत नाही, लिहिता लिहिता लाइट गेली तर फाइल अर्धवट राहते. डेस्कटॉपवाल्यांनी छोटा यूपीएस लावाच, त्याची बॅटरी गेली असेल तर ती बदला, नुसता डबा टेबलाखाली ठेवून उपयोग नाही.

पिवळं किंवा लाल दिसलं, किंवा डिस्कमधून टक टक आवाज येत असेल तर बाकीचा लेख सोडा आणि थेट शेवटच्या एसएसडीच्या भागात जा.

आता रांगेतली मंडळी

तब्येत निळी असेल तर कागदावर लिहिलेली नावं समोर घ्या.

अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल, हा विंडोजचा स्वतःचा डिफेंडर. बंद करायचं नाही! आठवड्यातून एकदा दोन तासांसाठी चालू होणाऱ्या मशीनवर त्याला निवांत स्कॅन करायला वेळच मिळत नाही, मग तुम्ही बसलात की तो पण बसतो. एखाद्या दुपारी चार्जर लावून मशीन चालू ठेवा, झोपेत जाऊ देऊ नका आणि त्याला काय करायचं ते करू द्या. पण याच्या जोडीला आणखी एक अँटीव्हायरस असेल तर तो काढा. लॅपटॉपबरोबर तीन महिन्यांचा फुकट आलेला, मग मुदत संपलेली, तरी रोज "तुमचं मशीन धोक्यात आहे" म्हणून ओरडणारा, असा एक प्रत्येक घरात असतो. मुदत संपली की डिफेंडर परत जागा होतो पण तो जुना पूर्ण झोपत नाही, आणि दोघं मिळून एकच फाइल दोनदा तपासत बसतात. सेटिंग्जमधे अॅप्सला जाऊन अनइन्स्टॉल करा आणि रीस्टार्ट. पैसे भरलेला चालू अँटीव्हायरस असेल तर तो राहू द्या, पण एकच.

विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर किंवा टायवर्कर दिसलं तर अपडेट चालू आहे. मायक्रोसॉफ्टचे मोठे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणजे बुधवारी सकाळी मशीन उघडलं आणि रडायला लागलं तर कॅलेंडर बघा. उपाय तोच, चालू ठेवा आणि संपू द्या. अपडेट बंद करायच्या युक्त्या शिकवणारे खूप आहेत, त्यांचं ऐकू नका.

सर्च इंडेक्सर म्हणजे फाइलींची अनुक्रमणिका बनवणारा. हजारो फोटो नुकतेच कॉपी केले असतील तर एक दोन दिवस चालतो. रोजच असेल तर सेटिंग्जमधे सर्चिंग विंडोज मधे जाऊन फोटोंचा मोठा फोल्डर वगळा, त्यात नावाने कोण शोधतंय.

सिसमेन, हा सगळ्यात बदनाम. याचं जुनं नाव सुपरफेच, व्हिस्टाच्या काळापासून आहे. तुम्ही नेहमी वापरता ते प्रोग्राम आधीच रॅममधे (मशीनची तात्पुरती, झटपट मेमरी) आणून ठेवायचं याचं काम, म्हणजे हेतू चांगला, पण कमी रॅम आणि जुनी डिस्क असेल तर याची मदत म्हणजे स्वयंपाकघरात गर्दी करणारा पाहुणा. स्टार्टमधे सर्व्हिसेस शोधा, यादीत सिसमेनवर राइट क्लिक करून स्टॉप करा आणि दहा मिनिटं आकडा बघा. फरक पडला तर प्रॉपर्टीजमधे स्टार्टअप टाइप डिसेबल्ड करा. नाही पडला तर परत चालू करा, उगाच बंद ठेवू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला, हे सगळ्यालाच लागू आहे, पाच गोष्टी एकदम बदलल्या आणि बरं झालं तर कशाने झालं ते कधीच कळत नाही.

आणि नुसतं सिस्टिम असं नाव सगळ्यात वर असेल तर? इथे लोक अडकतात. आता डिस्कचा नाही, शेजारचा मेमरीचा रकाना बघा. तिथे ८५-९० टक्के असेल तर दुखणं डिस्कचं नाहीच, रॅमचं आहे. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान डिस्कवरच्या पेजफाइलमधे नेऊन ठेवतं आणि लागेल तसं परत आणतं, म्हणजे वर रेशनवाल्याची जी धावपळ सांगितली ती आता विंडोज स्वतःच करायला लावतं. ४ जीबी रॅमवर क्रोमच्या पंधरा टॅब, डेस्कटॉपवरचं व्हॉट्सअॅप आणि मुलाचा ऑनलाइन क्लास हे तिन्ही एकदम बसत नाही, काहीही करा. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण ती अट इन्स्टॉल होण्याची झाली, सुखाने राहण्याची नाही. परफॉर्मन्समधे मेमरीवर क्लिक करा, स्लॉट्स यूज्ड १ ऑफ २ दिसलं तर एक जागा रिकामी आहे, ४ ची किंवा ८ ची स्टिक टाकता येईल. आधी आहे ती डीडीआर३ आहे की डीडीआर४ ते बघून घ्या, एकाच्या जागी दुसरी बसत नाही. पेजफाइल बंद करा म्हणून कुणी सांगितलं तर नका करू, मग स्लो होण्याऐवजी प्रोग्राम धाडकन बंद पडायला लागतील.

ओळखीचं नसलेलं नाव वर दिसलं तर राइट क्लिक करून ओपन फाइल लोकेशन करा. विंडोज किंवा प्रोग्राम फाइल्समधे असेल तर बहुतेक ठीक, टेम्पमधे काहीतरी एक्सवायझेड नावाने बसलं असेल तर विंडोज सिक्युरिटीमधून ऑफलाइन स्कॅन चालवा, मशीन रीस्टार्ट होऊन साधारण पंधरा मिनिटं तपासतं. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर घरात असेल तर मनातल्या मनात कबूल करा आणि तिथूनच शोध सुरू करा.

शेवटी टास्क मॅनेजरमधलं स्टार्टअप. मशीनबरोबर आपोआप उठणाऱ्या सगळ्यांची यादी तिथे आहे. प्रिंटरचा मदतनीस, गेमचा लाँचर, वर्षापूर्वी मीटिंगसाठी घेतलेलं अॅप, सगळे सकाळी सकाळी रांगेत. डिसेबल केलं म्हणजे अॅप काढलं जात नाही, फक्त आपोआप उठत नाही. अँटीव्हायरस आणि टचपॅड, साउंड, ग्राफिक्सची नावं सोडा, बाकी बिनधास्त बंद करा.

साफसफाई, पण बेताने

सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर विंडोजला अपडेट, पेजफाइल कशालाच जागा राहत नाही, १५-२० टक्के तरी मोकळं ठेवा. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज, तिथे टेम्पररी फाइल्स. डिलीट दाबायच्या आधी कशापुढे टिक आहे ते वाचा, कारण त्या यादीत डाउनलोड्स आणि रिसायकल बिन पण असतात. आत्याचे बारशाचे फोटो मला तिथेच सापडले, ६ जीबीचा रिसायकल बिन, तिने तो कधी रिकामाच केला नव्हता. म्हणजे फोटो उडवून एक एमबीसुद्धा मोकळी झाली नव्हती आणि देवाची कृपा की झाली नव्हती.

हार्ड डिस्कला महिन्यातून एकदा ऑप्टिमाइझ म्हणजे डीफ्रॅग चालतं, विंडोज बहुधा आपणहून करतं. एसएसडीला बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर लावू नका, तिच्यासाठी विंडोजचं तेच बटण वेगळं काम करतं. रजिस्ट्री क्लीनर, पीसी बूस्टर, एका क्लिकमधे दहापट स्पीड, हे काही लागत नाही, ते स्वतःच उद्या रांगेत उभे राहतात. लाइट गेल्यावर दुखणं सुरू झालं असेल तर सी ड्राइव्हवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, टूल्स, चेक, एवढं करा.

एसएसडी

हे सगळं केल्यावर मशीन बरं चालायला लागेल, पण बरं म्हणजे बरंच. आजचं विंडोज फिरणाऱ्या डिस्कवर खूश नसतं. तब्येत खराब असेल तेव्हा तर पर्यायच नाही, आणि नसली तरी जुन्या मशीनवर पैसे घालायचे तर मी प्रोसेसर वगैरे सोडून आधी इथेच घालीन. साटाची एसएसडी सेकंदाला ५०० एमबीच्या आसपास देते, पण खरा फरक त्या बारक्या तुकड्यांत पडतो.

२.५ इंची साटा एसएसडी जुन्या लॅपटॉपमधे हार्ड डिस्कच्याच जागी बसते, २४० किंवा २५६ जीबी आत्यासारख्यांना पुरते, फोटो जास्त असतील तर ५०० घ्या. एम डॉट टू वाली (पट्टीसारखी, थेट बोर्डावर बसणारी) घेणार असाल तर जपून, दिसायला सारख्या पण साटा आणि एनव्हीएमई अशा दोन जाती आहेत, तुमच्या बोर्डाला कोणती चालते ते मॉडेल नंबर टाकून बघा मगच पैसे द्या.

जुनी डिस्क निरोगी असेल तर क्लोन म्हणजे जशीच्या तशी नक्कल करता येते, त्यासाठी क्लोनझिला नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे पण पहिल्यांदा करणाऱ्याला त्याच्या स्क्रीन बघून घाम फुटतो आणि सोर्स कुठला, टार्गेट कुठला यात गडबड झाली तर सगळं जातं. डिस्क आजारी असेल तर क्लोन नकोच, नवीन विंडोज टाका, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तयार करायचं. लायसन्सची चिंता नको, डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, डिस्क बदलली तरी इंटरनेट लागलं की आपोआप अॅक्टिव्हेट होतं. बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते मात्र आधी बघा आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या, नाहीतर नंतर स्वतःच्याच डिस्कच्या दारात उभं राहायची वेळ येते.

नव्याने टाकताय तर कुठलं टाकायचं हे पण ठरवा, कारण विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक चालवलं की बसतंय की नाही ते कळतं.

दुकानात बसवून घेणार असाल तर समोर बसा, बॅकअप आधीच घरी घेऊन जा, आणि जुनी डिस्क परत मागून घ्या, ती तुमची आहे. निरोगी असेल तर यूएसबीची केसिंग मिळते, त्यात टाकली की बाहेरची डिस्क तयार. आत्याची तशीच आहे आता, कपाटात साडीच्या खोक्यात, वर चिठ्ठी चिकटवलीये, "बारसं, हात लावू नये".